निर्गुडीच्या प्रबंधात जे छापलं नाही

निर्गुडीचा पाला दुखण्यावर चालतो, हे महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. गुडघा धरला, पाठ आखडली, बाळंतिणीची कंबर भरून आली की पाला गरम करून शेक द्यायचा, हे शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनाही ठाऊक असतं. आणि फार्मसीच्या कॉलेजात दिवस काढलेल्या कुणालाही हेही ठाऊक असतं की या पाल्यावरचे प्रबंध बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबतात: अर्काने उंदरांमध्ये लक्षणीय वेदनाशमन दाखवलं. आकड्याच्या डोक्यावर छोटीशी चांदणी, तळाला ‘पी ०.०५ पेक्षा कमी’, की झालं.

त्या चांदणीच्या मागच्या खोलीत काही वर्षं माझी ऊठबस होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथली निम्मी माणसं अजून नोकरीत आहेत आणि उरलेली बाहेरचे परीक्षक म्हणून येतात.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एक निरुपद्रवी वाक्य असतं: ‘वनस्पतीची ओळख तज्ज्ञांकडून पटवून घेतली.’ या वाक्याने आम्हाला जितकं दमवलं तितकं पुढच्या कुठल्याच वाक्याने नाही. साताऱ्याकडच्या एका विद्यार्थ्याने गावाहून पोतंभर पाला आणला, सावलीत वाळवला आणि चार डहाळ्या घेऊन तो वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेला. सरांनी मान वर न करता सांगितलं, “फूल आणा.” निर्गुडीच्या भावकीत तीन पर्णिकांची पानं, पाच पर्णिकांची पानं, कधी एकाच झाडावर दोन्ही, असा घोळ असतो. नुसत्या पानावर सही करणारा माणूस स्वतःच्या पेन्शनशी खेळत असतो, असं सरांचं मत होतं. पोरगा फुलासाठी पुन्हा गावाकडे निघाला तेव्हा अ‍ॅनिमल हाउसचे मामा म्हणाले, “कशाला एस्टीचं भाडं घालवतोस? हॉस्टेलच्या मागं कपडे वाळत घालतात, तिथं फुलं लागलीत की.” खरंच लागली होती. सही झाली, शिक्का झाला, नमुन्याला नंबर पडला. मग गाइड मॅडमनी शांतपणे विचारलं, “सही झाली ते झाड हॉस्टेलचं आणि पोतं गावचं. मग प्रबंध नक्की कोणत्या झाडावर लिहिणार?” पोतं बाद झालं. बाद पोतं मामांनी घरी नेलं आणि बायकोच्या गुडघ्याला रोज रात्री त्याचा शेक दिला. तिला चांगला उतार पडला. निर्गुडीबद्दलचा विभागातला तो पहिला अनुकूल निष्कर्ष. तो कुठेही छापून आला नाही.

अर्क काढायचं काम वरच्या मजल्यावर, फार्माकॉग्नसीत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या विभागात, चाले. आम्ही त्यांना ‘पालेवाले’ म्हणायचो, ते आम्हाला ‘उंदीरवाले’. दोन्ही बाजूंना आपलंच काम खरं विज्ञान वाटायचं आणि दुसऱ्याचं म्हणजे हमाली. पाल्याची भुकटी, मिथेनॉल, रात्रभर चालणारं सॉक्सलेट, आणि शेवटी बशीच्या तळाशी उरणारा काकवीसारखा हिरवट-काळा चिकटा, जो पाण्यात विरघळायला साफ नकार देतो. तो डिंकाच्या पाण्यात घोटून उंदराला पाजायचा, आणि तुलनेच्या गटाला, म्हणजे कंट्रोलला, नुसतं डिंकाचं पाणी. एका वर्षी पालेवाल्यांनी अर्काची बाटली आपल्या कपाटात कुलूपबंद केली, कारण उंदीरवाले ‘उधळपट्टी’ करतात. आमचे उंदीर रात्रभर उपाशी ठेवलेले, पिंजऱ्यांवर नंबर पडलेले, स्टॉपवॉच हातात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्या खिशात ते सर निवडणुकीच्या ड्यूटीवर तालुक्याला. उंदरांना खायला घालून तो दिवस लोकशाहीला अर्पण केला.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत विज्ञानाबाहेरचा एक जबाबदार नागरिक असावा लागतो. सहसा हे सदस्य चहा घेतात, मान डोलावतात आणि सही करतात. आमच्याकडचे निवृत्त मुख्याध्यापक मात्र प्रस्ताव वाचून यायचे. विद्यार्थ्याने ‘वेदनामापन’ अशी मोठी स्लाइड दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, “उंदराला दुखतंय हे तुम्हाला उंदराने सांगितलं का?” खोलीत हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. कारण आम्ही मोजतो ती वेदना नसते, मोजतो ती वेळ: उंदराने पाय चाटेपर्यंतची, शेपूट झटकेपर्यंतची. दुखणं ही त्या वेळेवरून आपण काढलेली अटकळ. पुढच्या बैठकीत स्लाइडवरचा मथळा बदललेला होता, आणि मुख्याध्यापकांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून मंजुरी दिली.

आता हॉट प्लेट. ५५ अंशांवर स्थिर ठेवलेली धातूची पाटी, भोवती पारदर्शक नळकांडं. उंदीर ठेवायचा आणि स्टॉपवॉच दाबायचं. त्याने मागचा पाय चाटला किंवा उडी मारली की वेळ लिहायची. आमच्याकडे पंधरा सेकंदांची मर्यादा होती. त्याने काहीच केलं नाही तरी तेवढ्यात उचलायचा, नाहीतर तळवे भाजतात. उन्हाळ्यातल्या एका दुपारी सगळे उंदीर एकाएकी बहाद्दर निघाले. पंधरा सेकंद उलटले तरी आरामात बसलेले, मिशा साफ करत. आधी अर्काचा गट झाला तेव्हा विभागात आनंदीआनंद. एका सीनियरने तर परिषदेला पाठवायच्या गोषवाऱ्याचं पहिलं वाक्यही जुळवलं. मग कंट्रोलची पाळी आली. नुसता डिंक प्यालेले ते उंदीर अर्कवाल्यांहून निवांत होते. मामांनी पाटीवर तळहात टेकवला आणि म्हणाले, “गार हाय की वो.” दुपारभर व्होल्टेज पडलेलं, दिवा जळत होता, काटा ५५ वर होता, पाटी मात्र कोमट. सीनियरने वही मिटायच्या आधी गंभीरपणे विचारलं, “विषय बदलून डिंक घेता येईल का?”

शेपटीच्या चाचणीची तऱ्हा वेगळी. १९४१ साली दामूर आणि स्मिथ या दोघांनी ती मांडली: शेपटीवर उष्णतेचा झोत टाकायचा आणि ती कधी झटकली जाते ते पाहायचं. दिसायला इतकी सोपी की पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवतात. पण शेपटीची कातडी मुळात गार असेल तर ती तापायला जास्त वेळ घेते, आणि कागदावर ते ‘वेदनाशमन’ म्हणून उतरतं. आमच्या खोलीतला एसी दुरुस्त झाला त्या आठवड्यात सगळ्याच गटांची रीडिंग वर गेली. कंत्राटदाराच्या बिलावर मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘या वर्षीचं सर्वात प्रभावी वेदनाशामक.’

आणि मग स्टॉपवॉचचं भांडण. दोन विद्यार्थी, एक मुलगा, एक मुलगी. तोच अर्क, तेच पिंजरे, तीच पाटी. मुलाची रीडिंग कायम लांब, मुलीची कायम आखूड. मुलाच्या वहीत निर्गुडी रामबाण, मुलीच्या वहीत जेमतेम. आधी संशय पायावर गेला. पुढचा पाय तर उंदीर एरवीही चाटतो, साफसफाई म्हणून, मोजायचा मागचा. दोघांनी मागचाच मोजल्याची शपथ घेतली. मग एका ज्येष्ठ सरांनी विभागाच्या परंपरेला जागून निकाल दिला: मुलगी घाबरते, हात थरथरतो, उंदीर अस्वस्थ होतो, तिची रीडिंग रद्द करा. मुलीने रडून वगैरे दाखवलं नाही. तिने कंट्रोलचे आकडे शेजारी मांडून दाखवले. मुलाच्या हातात डिंक प्यालेले उंदीरही लांबच टिकत होते. फरक निर्गुडीत नव्हताच.

याचं उत्तर आम्हाला फार नंतर, चहाच्या टेबलावर मिळालं. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की खोलीत पुरुष संशोधक असला तर उंदीर दुखणं कमी दाखवतात. बाईमाणूस असेल तर तसं होत नाही. पुरुष स्वतः हवाच असंही नाही. त्याने रात्रभर घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम. पुरुषी वासाने उंदराला धास्ती बसते, आणि धास्तावलेल्या शरीराचं दुखणं तात्पुरतं दबतं. त्याआधी, २००२ साली, याच मंडळींनी आठ हजारांहून अधिक उंदरांच्या जुन्या नोंदी चाळल्या होत्या. त्यात आढळलं की उंदीर कोणत्या वाणाचा यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे याने आकडा जास्त हलतो. पिंजऱ्यातून पहिला काढलेला उंदीर आणि शेवटी काढलेला उंदीर यांच्यातही फरक पडतो. म्हणजे वर्षानुवर्षं आमच्या विभागातल्या चांदण्यांमागे थोडी निर्गुडी होती आणि थोडा सीनियरांचा घाम. २०१४चा तो लेख मॅडमनी नोटीस बोर्डावर लावला. ज्येष्ठ सरांनी तो वाचला, खिशातून अत्तराची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आता याचाही वेगळा गट करा.”

पोटातल्या कळांची चाचणी सांगायला फारशी सुखाची नाही, म्हणून थोडक्यात उरकतो. पातळ अ‍ॅसेटिक आम्ल पोटात टोचलं की उंदीर अंग ताणून पिळवटतो. ठरावीक मिनिटांत किती वेळा, ते मोजायचं. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं हॉट प्लेटवर फारशी चमकत नाहीत, इथे चमकतात. निर्गुडीही चमकली. मोठ्या मात्रेला पिळवटणं जवळपास थांबलंच. प्रबंधात इथे सुस्कारा सोडून पुढचं प्रकरण सुरू होतं. पण मॅडमना उंदरांचे डोळे आवडले नाहीत. त्यांनी सांगितलं, “फिरत्या दांड्यावर चढवा.” रोटारॉड म्हणजे सावकाश फिरणारी दांडी, शुद्धीवरचा उंदीर तीवर तोल सांभाळत चालत राहतो. आमचे वेदनामुक्त उंदीर एकामागून एक टपाटप खाली पडले, आणि पडल्यावर तिथेच पेंगले. दुखणं गेलं होतं की झोप लागली होती, ते सांगायला कुणी जागंच नव्हतं. निर्गुडीचा अर्क उंदरांची झोप लांबवतो हे १९९९ साली छापून आलेलं होतं. वाचनालयात त्या अंकाची पानंही कापलेली नव्हती. मोठी मात्रा गाळली, लहान ठेवली, आणि चांदण्या तीनवरून एकावर आल्या.

तुलनेसाठी एक खात्रीचं वेदनाशामक लागतं. पुस्तकात मॉर्फिन लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मॉर्फिनसाठी १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखालचे परवाने, दुहेरी कुलूप आणि प्रत्येक थेंबाचा हिशेब, म्हणून बरेच जण पेंटाझोसिनवर भागवतात. आमच्या एका विद्यार्थ्याने हट्टाने मॉर्फिनचा अर्ज केला. परवानगी आली तेव्हा तो पास होऊन, औषध कंपनीत लागून, लग्नाची पत्रिका द्यायला विभागात आला होता.

सगळ्यात अडचणीचा पाहुणा म्हणजे आयुर्वेद महाविद्यालयातले वैद्य. त्यांना सहमार्गदर्शक म्हणून बोलावलं होतं, बहुधा पहिल्या पानावर नाव शोभतं म्हणून. त्यांनी गॅव्हेजची सुई पाहिली, उंदराच्या घशात उतरणारा अर्क पाहिला आणि विचारलं, “आम्ही गुडघ्यावर शेकतो. तुम्ही पाजताय कशाला?” उत्तर कुणाकडे नव्हतं, उंदराच्या गुडघ्याला पोटीस बांधायची सोय चाचण्यांमध्ये नसते, हे खरं कारण, पण ते शोभत नव्हतं. कुणीतरी उलट टोला हाणला की शेकाने गुण येतो तो पाल्याचा कशावरून, उष्णतेचा असेल. आंब्याची पानं बांधून बघा. वैद्यांना हा टोला आवडला. ते म्हणाले, “बघू या की. पण रोग्याला कळू न देता निर्गुडीऐवजी आंबा कसा बांधाल? नाक बांधणार का त्याचं?” निर्गुडीचा उग्र वास हा माणसांवरच्या चाचणीतला खरा खलनायक आहे. नकली औषधालाही तोच वास हवा, आणि तो वास द्यायचा तर निर्गुडीच घालावी लागते.

वैद्यांनी जाता जाता मात्रेचाही पंचनामा केला. एका विद्यार्थ्याने उंदराची मात्रा, किलोला ५०० मिलिग्रॅम, सरळ माणसाच्या साठ किलोंनी गुणली होती. आले ३० ग्रॅम अर्क, म्हणजे शेरभर वाळका पाला. वैद्य म्हणाले, “कुंपणाला निर्गुडी का लावतात? गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. आणि तुम्ही माणसाला शेरभर घालताय.” शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तीच मात्रा अडीच ग्रॅमच्या आत येते. ते गणित पालेवाल्यांनी करून दिलं, आणि त्या बदल्यात लेखात चौथं नाव मिळवलं.

मधल्या सुट्टीत मात्र पालेवाले आणि उंदीरवाले एक व्हायचे, ते कॅमेरूनच्या किश्श्यावर. २०१३ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गटाने जाहीर केलं की आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या दुखण्यावर वापरल्या जाणाऱ्या नॉक्लिया लॅटिफोलिया या झाडाच्या मुळाच्या सालीत ट्रॅमाडॉल सापडलं. ट्रॅमाडॉल म्हणजे १९६२ साली जर्मनीच्या ग्रुनेन्थाल कंपनीत रसायनांपासून बनवलेलं, १९७७ पासून विकलं जाणारं वेदनाशामक. ते झाडात आयतं आणि भरपूर! आमच्याकडे तर पेढे वाटायचेच बाकी राहिले: परंपरा जिंकली, कंपनी हरली. पण वर्षभरातच डॉर्टमुंडच्या मिखाएल श्पिटेलर यांच्या गटाने वेगळंच दाखवलं. ट्रॅमाडॉल सापडतं ते फक्त देशाच्या उत्तरेकडच्या झाडांत. दक्षिणेच्या त्याच जातीच्या झाडांत नाही. उत्तरेत ते शेजारच्या दुसऱ्या झाडांत आहे, मातीत आहे, पाण्यात आहे. आणि सोबत ते तुकडेही आहेत, जे औषध सस्तन प्राण्याच्या शरीरातून फिरून आल्यावरच तयार होतात. तिथले शेतकरी उन्हात राबता यावं म्हणून स्वस्त ट्रॅमाडॉल घेत होते आणि गुरांनाही चारत होते. गुरं झाडाखाली उभी राहत, आणि पुढचं काम मूत्र आणि मुळं करत.

फ्रेंच गटाने लगेच हार मानली नाही. कार्बनच्या समस्थानिकांवरून झाडच ते बनवत असावं असा युक्तिवाद झाला, उत्तरादाखल जर्मनांनी किरणोत्सारी कार्बन मोजला आणि २०१६ साली निकाल दिला: हे ट्रॅमाडॉल कारखान्यातलंच. ताज्या झाडातला कार्बन ताजा असतो. खनिज तेलापासून बनलेल्या औषधात तो कोट्यवधी वर्षं जुना. आमच्या पालेवाल्या सरांनी हा किस्सा ऐकून त्याच संध्याकाळी हॉस्टेलमागच्या निर्गुडीजवळ ‘येथे लघवी करू नये’ अशी पाटी लावली. पोरांना वाटलं, स्वच्छता अभियान.

याच किश्श्याचं गावठी रूप आम्ही डोळ्यांनी पाहिलं. एका बाजारातली ‘शंभर टक्के झाडपाल्याची’ संधिवाताची पुडी तेव्हा गाजत होती. दोन पुड्यांत गुडघा हलका. तिच्या जोरावर विभागात कुजबुज सुरू झाली की निर्गुडी कसली घेऊन बसलात, हिचा अभ्यास करा. पालेवाल्यांनी सिलिकाच्या पातळ पट्टीवर पुडीचा ठिपका ठेवला, शेजारी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा ठेवला. दोन्ही ठिपके हातात हात घालून त्याच उंचीपर्यंत चढले. ज्या कारकुनाने पुडी आणून दिली होती त्याला निकाल सांगितला, पोटात व्रण होईल, मूत्रपिंड बिघडेल, सगळं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे गुण यायचा तो खरा होता ना?”

शेवटी माणसं. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने आमवातावरच्या वनस्पतिजन्य औषधाची नकली गोळीशी तुलना करून २००० साली निष्कर्ष छापले, तेव्हा नकली गोळीच्या गटालाही भरघोस आराम पडल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आमच्याकडे तेवढी मोठी उडी नव्हती. शेजारच्या मेडिकल कॉलेजात बर्फाच्या पाण्यात हात बुडवायची चाचणी असे: स्वयंसेवक विद्यार्थी किती वेळ हात ठेवू शकतो, ते मोजायचं. औषध द्यायच्या आधी नुसती मूळ सहनशक्ती नोंदवायची होती. वेळ लिहायला एक तरतरीत रेसिडेंट डॉक्टर बसल्या होत्या. सगळी मुलं एकामागून एक कमाल मर्यादेला टेकली. निळेजांभळे हात बाहेर काढत ‘काही नाही मॅडम, अजून ठेवू?’ असं विचारत राहिली. कमाल मर्यादेवर टेकलेल्याला निर्गुडी आणखी कुठे चढवणार? त्या दिवसाचे सगळे आकडे फेकून दिले.

दुसऱ्या दिवशी वही आणि स्टॉपवॉच घेऊन मामा बसले. पहिल्याच पोराने हात घातला आणि “आई गं!” करून लगेच काढला. मामांनी वेळ लिहिली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “काल तर लई येळ टिकला म्हणं?”